खाणं बदललं आणि तोंड आलं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. जानेवारीत माझ्याकडे संकल्पवाल्यांची गर्दी असते, श्रावणात उपवासवाल्यांची. दोन्ही वेळा महिना उलटायच्या आत एक वाक्य कानावर येतंच: “मॅडम, आत्ता कुठे नीट खायला लागले, तर तोंड आलं.” मग माणूस घाबरून एकेक पदार्थ सोडत जातो. एक शिक्षिका पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘चालत नाही’ असं लिहून खाली १४ पदार्थ होते: टोमॅटो, वांगं, दही, लिंबू, शेंगदाणे, गहू, चवळी, पालक, असं बरंच काही. मऊ भात, दूध आणि उकडलेला बटाटा यांवर दिवस काढत होत्या, आणि तोंड तरीही येतच होतं. त्यांचा उल्लेख खाली पुन्हा येईल. त्या पानामुळेच मी हे सगळं लिहायला बसले.

नवा आहार सुरू करून दहा दिवस झाले आणि तोंड आलं. म्हणजे हा आहार मला मानवत नाही का?

तसं असेलही, पण इतक्या लवकर निकाल देऊ नका. एका कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात या महिन्यात ताटात नवं काय आलं ते लिहा, दुसऱ्यात ताटातून काय गेलं ते. तिसऱ्यात लिहा, की याच सुमारास खाण्याखेरीज आणखी काय बदललं. तिसरा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात, आणि उत्तर कितीदा तरी तिथेच सापडतं. पहाटे पाचला जिम सुरू केली, पण झोपायची वेळ बाराचीच राहिली. नवी ‘हर्बल’ टूथपेस्ट आणली. तंबाखू सोडली. सांधेदुखीची गोळी सुरू झाली. दाताचा तुकडा उडाला आणि त्याची धार गालाला घासते आहे. यातल्या कशानेही तोंड येऊ शकतं, आणि दोष बिचाऱ्या ओट्सवर जातो.

तोंड येणं म्हणजे नक्की काय? माझं तेच आहे ना?

नेहमीचं तोंड येणं ओळखायला सोपं असतं. ओठाच्या किंवा गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली गोल-लांबट चट्टा, मध्ये पिवळट पांढरा, भोवती लाल वलय. आकार एक सेंटिमीटरच्या आत. उठायच्या आदल्या दिवशी ती जागा चुरचुरते. ७ ते १४ दिवसांत, व्रण न राहता, आपोआप बरं होतं. साधारण पाचातल्या एकाला हा त्रास अधूनमधून होतो, आणि आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता जास्त. हे संसर्गाचं दुखणं नाही, उष्टं खाल्ल्याने पसरत नाही.

ओठाच्या बाहेरच्या कडेवर पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका असेल तर ती नागीण वर्गातल्या विषाणूची लागण, आणि ती मात्र पसरते. पुसला की निघणारा दह्यासारखा थर म्हणजे बुरशी. मधुमेह असलेले, दम्याचा पंप घेणारे, नुकतीच अँटिबायोटिक्स घेतलेले यांच्यात ती जास्त दिसते. जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे उठून ते जागा बदलत असतील तर घाबरू नका, ते निरुपद्रवी असतात, फक्त तिखट झोंबतं. ओठांचे कोपरे फाटत असतील तर मी आधी लोह आणि बी गटातली जीवनसत्त्वं तपासायला सांगते.

कोणत्या पदार्थांनी तोंड येतं?

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे सरळ इजा. अननसात ब्रोमेलेन नावाचं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. रिकाम्या पोटी मोठा बाउलभर अननस खाल्ला की जीभ सोलवटल्यासारखी होते ती त्यानेच. शिजवल्यावर हे एन्झाइम निकामी होतं, म्हणून अननसाचा शिरा कधी झोंबत नाही. सुरण आणि अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय घरातली जुनी माणसं ते शिजवत नसत, ते उगाच नव्हे. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याने हिरव्या स्मूदीत पालक संपला म्हणून अळूचं कच्चं पान टाकलं होतं. दोन घोटांत ओठ, जीभ, घसा सगळं पेटलं. ती ॲलर्जी नव्हती, अळू कच्चं खायचं नसतं एवढंच. ॲपल सायडर व्हिनेगर पाणी न घालता घेणं, वजनासाठी दिवसातून चारदा लिंबूपाणी, कडक खाकरे आणि टोस्ट यांनीही तोंडातली नाजूक त्वचा सोलली जाते किंवा कापली जाते, आणि तोंड येण्याची सवय असलेल्या माणसाला नेमक्या त्याच जागी चट्टा उठतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुळात प्रवृत्ती असलेल्यांना काही पदार्थांनी चट्टे उठणं. अक्रोड, चॉकलेट, चीज, टोमॅटो, स्ट्रॉबेरी ही नावं पुन्हा पुन्हा येतात. आता ‘हेल्दी’ नाश्त्याची बशी आठवा: ओट्स, वर अक्रोड, स्ट्रॉबेरी, डार्क चॉकलेटचा कीस. आयुष्यभर पोहे-उपमा खाल्लेल्या माणसाच्या ताटात यातले तीन पदार्थ एकाच सोमवारी येतात. पण हे सगळ्यांना बाधत नाहीत. ज्याला बाधतात त्यालाही बहुधा एखादाच बाधतो.

तिसरी गोष्ट दालचिनीची. साखर सोडली म्हणून कॉफीत दालचिनी, तोंडाला वास नको म्हणून दालचिनीचं च्युइंगगम. तिच्यातल्या सिनॅमाल्डिहाइडमुळे काहींच्या गालाला आतून लाल-पांढरे, जळजळणारे पट्टे उठतात. बंद केलं की काही दिवसांत उतरतात. मसालेभातातल्या एका तुकड्याने सहसा काही होत नाही. दिवसभर चघळण्याने होतं.

वेळेवरही लक्ष ठेवा. खाल्ल्याबरोबर जळजळ किंवा खाज येत असेल तर ती इजा किंवा ॲलर्जी. चट्टा मात्र एक-दोन दिवसांनी उठू शकतो. म्हणून गुरुवारी उठलेल्या चट्ट्याचा आळ गुरुवारच्या वांग्यावर येतो आणि मंगळवारचे अक्रोड सुटून जातात.

परदेशात आल्यापासून सफरचंद खाल्लं की तोंडात, घशात खाज सुटते. भारतात कधी झालं नव्हतं.

जर्मनीत, स्वीडनमध्ये, अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणारे मला हे नेहमी लिहितात. तिथे वसंतात बर्च झाडाचे परागकण हवेत असतात. काही वर्षांत शरीर त्यांच्याविरुद्ध तयार होतं, आणि सफरचंद, पीच, चेरी, हेझलनट, कच्चं गाजर यांतली प्रथिनं त्या परागकणांशी मिळतीजुळती असल्यामुळे तोंड फसतं. खाज काही मिनिटांत येते आणि तासाभरात जाते. शिजवलेलं सफरचंद बहुतेकांना चालतं, कारण ही प्रथिनं उष्णतेने बदलतात. खाज तोंडापुरती असेल तर कच्चं फळ टाळा आणि सवडीने ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, अंगभर गांध्या उठल्या, चक्कर आली, तर ती आणीबाणी आहे. महाराष्ट्रात १०८ लावा, परदेशात तिथला आपत्कालीन नंबर. घरगुती उपाय करत बसू नका.

मासे सुरू केले. बांगड्याने तोंड चुरचुरतं आणि अंगावर पित्त उठतं, सुरमईने कधीकधीच. मला माशांची ॲलर्जी आहे का?

असू शकते, पण आधी मासा किती ताजा होता ते पाहा. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाविना राहिले की त्यांत हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं द्रव्य, साचतं. शिजवून, तळून ते जात नाही. तोंडात मिरपूड लागल्यासारखी चव, चेहरा लाल, डोकेदुखी, गांध्या, सगळं तासाभरात. कोळणीकडचा सकाळचा बांगडा खाऊन काही होत नसेल आणि लांबून आलेला खाल्ला की होत असेल, तर दोष माशाच्या साठवणीचा. प्रत्येक वेळी, प्रत्येक माशाने होत असेल तर मात्र तपासणी करून घ्या, आणि तोवर मासे खाऊ नका.

दूध-अंडी सगळं सोडून पूर्ण वनस्पतिजन्य आहार सुरू केला. दोन आठवड्यांत जीभ लाल, चट्टे. बी-१२ कमी झालं का?

दोन आठवड्यांत कमी होत नाही. यकृतातला साठा चांगला असेल तर तो काही वर्षं पुरतो. पण आपल्याकडे गोम चांगल्या साठ्याचीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घर, दूध चहापुरतं, दही वाटीभर. अशा माणसाचा साठा आधीच तळाला गेलेला असतो. नव्या आहाराने तो संपवला असं नव्हे, पण भरून यायची शेवटची वाट बंद केली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचं तर आणखी कमी शोषलं जातं.

लागतं किती? दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण ते डाळीत, भाजीत, फळात नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. स्पिरुलिनावर (शेवाळाच्या पावडरीवर) विसंबू नका, त्यातला बराचसा भाग शरीराला वापरता न येणाऱ्या रूपात असतो. जीभ गुळगुळीत आणि लालभडक, हातापायांना मुंग्या, जिना चढताना थकवा अशी लक्षणं असतील तर रक्त तपासा: बी-१२, फोलेट, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो). पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या प्रत्येकाने बी-१२ ची गोळी घ्यायलाच हवी. यात मला दुसरं मत मान्य नाही. नुसतं फोलिक ॲसिड घेत राहू नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

२००९ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी वारंवार तोंड येणाऱ्या ५८ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना रोज रात्री जिभेखाली १००० मायक्रोग्रॅम बी-१२, बाकीच्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांनी बी-१२ घेणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचं तोंड येणं थांबलं होतं, दुसऱ्या गटात ३२ टक्के. प्रयोग छोटा आहे, तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या गटातलेही एक तृतीयांश लोक आपोआप बरे झाले होते हेही त्यातून दिसतं, म्हणून ‘या काढ्याने माझं तोंड बरं झालं’ हे ऐकताना जरा थांबावं.

गहू बंद करून पाहू का?

आधी तपासणी, मग बंद. वारंवार तोंड येणं हे सीलिॲक आजाराचं एक लक्षण असू शकतं. त्यात गव्हातलं ग्लूटेन आतड्याचं नुकसान करतं. त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला तर रिपोर्ट खोटाच ‘नॉर्मल’ येऊ शकतो, आणि मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. सोबत जुलाब, वजन घटणं, न सुधारणारा ॲनिमिया असेल तर ही तपासणी कराच.

निदान झालं तर आपल्याकडे सोय उत्तम आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन नसतं. गिरणीत मात्र गव्हानंतर लगेच दळण टाकू नका. आणि फोडणीतल्या हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा, कारण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. पोळी, शेवया, रवा सगळं सोडूनही त्रास न थांबलेल्या एका घरात शेवटी ती डबीच निघाली.

श्रावणात आणि नवरात्रात माझं तोंड हमखास येतं. कांदा-लसूण बंद केल्याने का?

कांदा-लसणाला मी दोष देणार नाही. उपवासाचं ताट पाहा: साबुदाण्याच्या खिचडीत हिरवी मिरची नेहमीपेक्षा जास्त, दाण्याचं टोकदार कूट, तळलेले वेफर्स, दिवसभरात पाच-सहा कप चहा, पाणी विसरलेलं, रात्री आरती आणि गरब्याचं जागरण. कोरड्या तोंडात वेफर्सची धार लागते. मिरची निम्मी करून जिरं-आलं वाढवा, दाणे बारीक कुटा, भगरीसोबत ताक घ्या, एक चहा कमी करून दूध किंवा शहाळं घ्या. राजगिरा, रताळं, केळं तोंडाला मऊ पडतात. माझ्या बऱ्याच जणींचं नवरात्र एवढ्याने सुखाचं झालं आहे.

फूड सेन्सिटिव्हिटीची रक्ततपासणी करू का? शंभर-दोनशे पदार्थांचा रिपोर्ट येतो म्हणतात.

नको. त्यात बहुतेक वेळा आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. तुम्ही जे नेहमी खाता त्याविरुद्ध ती असणं स्वाभाविक आहे. अमेरिका, युरोप आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या तपासणीवरून पदार्थ बंद करू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. शिक्षिकाबाईंच्या १४ पैकी ९ पदार्थ अशाच एका रिपोर्टातले होते. हजारो रुपये भरून त्यांनी स्वतःची डाळ, दही आणि पालेभाजी बंद करून घेतली होती. मला त्याचा आजही राग येतो. खऱ्या ॲलर्जीसाठीची आयजीई किंवा त्वचेवरची तपासणी वेगळी. ती डॉक्टर विशिष्ट संशयावरून सांगतात.

मग माझा पदार्थ शोधायचा कसा?

वही आणि धीर. दोन आठवडे काहीही न सोडता लिहा: काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, पाळीची तारीख, कोणती पेस्ट, कोणती गोळी, चट्टा कधी आणि कुठे. मग संशय असलेला एकच पदार्थ तीन-चार आठवडे थांबवा. तुमचं तोंड एरवी दोन महिन्यांतून एकदा येत असेल तर त्याहून जास्त थांबावं लागेल, नाहीतर मधल्या शांत काळालाच यश समजाल. नंतर तो पदार्थ नेहमीच्या प्रमाणात तीन दिवस खा आणि त्यानंतर तीन-चार दिवस फक्त पाहा. पुन्हा चट्टा उठला तर एकदा आणखी खात्री करा. ज्या पदार्थाने ओठ सुजले किंवा श्वास लागला असेल तो मात्र घरी कधीही तपासायचा नाही. टूथपेस्टही याच पद्धतीने तपासता येते: सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं रसायन) नसलेली पेस्ट दोन महिने वापरून पाहा.

आजी म्हणते उष्णता झाली, तोंडली चाव. करू का?

करा. कोवळं तोंडलं स्वच्छ धुऊन चावणं, जाईची पानं चघळणं, चट्ट्याला साजूक तूप, तोंडात ज्येष्ठमधाची कांडी, यांत थोड्या वेळापुरतं तरी बरं वाटतं आणि अपाय नाही. (ज्येष्ठमध रक्तदाब असलेल्यांनी रोज नको.) ‘उष्णता’ हा शब्दही मी टाकाऊ मानत नाही. त्यात जागरण, तिखट, कमी पाणी आणि दगदग सगळं आलं. पण दोन महिने दर आठवड्याला ‘उष्णता’ होत असेल तर रक्त तपासायची वेळ झाली.

टाकणखार लावू नका, लहान मुलांना तर अजिबातच नको, तो पोटात गेला तर विषारी आहे. तुरटी किंवा मीठ थेट चट्ट्यावर दाबू नका. त्याऐवजी कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा चूळ भरा. डॉक्टरांनी दिलेली स्टिरॉइडची पेस्ट लावताना आधी कापसाने जागा कोरडी करा आणि पेस्ट चोळू नका, नुसती टेकवा. हे कुणी सांगत नाही, आणि मग औषध लागू पडत नाही.

बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घेतली की झालं ना?

कमतरता त्याच जीवनसत्त्वांची असेल तर उपयोग होतो. लोहाची असेल तर शून्य. लघवी पिवळीजर्द होते ती त्यातल्या रायबोफ्लेविनमुळे (बी-२), औषध ‘लागू पडल्याची’ ती खूण नाही.

दुखतंय तोवर खाऊ काय?

गार किंवा कोमट, मऊ, बिनतिखट. तूप घातलेला मऊ भात आणि वरण, दुधातली नाचणीची लापशी, केळं, दुधीची भाजी, मऊसर आम्लेट, साबुदाण्याची खीर. ताक काहींना झोंबतं, तेव्हा दूध घ्या. भाकरी सोडायची नसेल तर दुधात कुस्करा. डाळ पातळ असली तरी सोडू नका, चट्टा भरून यायला प्रथिनं लागतात.

आहारासोबत तंबाखूही सोडली आणि तोंड आलं. लोक म्हणतात पुन्हा सुरू कर, बरं होईल.

पाया पडून सांगते, पुन्हा सुरू करू नका. तंबाखू-सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींना चट्टे उठतात हे खरं आहे, आणि ते थांबतात. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांना मात्र वेगळी गोष्ट विचारते: आमटीही तिखट लागते का? तोंड पूर्ण उघडतं का? स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, गालाला आतून दोऱ्यांसारखा ताण जाणवत असेल, तर सुपारीमुळे होणारा फायब्रोसिस (तोंडातली त्वचा आतून कडक होत जाणं) असू शकतो, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे गाल मी अजून पाहते. हा आहाराचा प्रश्न नाही. या आठवड्यातच दंतवैद्यांकडे जा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

एकाच जागचा चट्टा दोन आठवड्यांत भरला नाही तर. दुखत नसला तरी, किंबहुना दुखत नसेल तर आधी. चट्ट्याची कड कडक लागणं, गाठ, जीभ बधिर होणं, गिळायला त्रास, ताप, वजन घटणं, शौचातून रक्त, डोळे लाल होणं किंवा गुप्तांगावरही चट्टे, यांत थांबू नका. मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांत देतात) किंवा निकोरँडिल (हृदयाचं औषध) यांनीही तोंड येऊ शकतं; ती घेत असाल तर औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा.

मुलाला वरच्या खाण्यानंतर तोंडाभोवती लाल पुरळ येतं.

टोमॅटो, लिंबू, संत्रं यांचा रस कोवळ्या कातडीला लागून असं होतं, पुसलं की तासाभरात जातं. आंब्याच्या दिवसांत देठाचा चीक पाहा: आंबा तासभर पाण्यात ठेवून, देठ कापून, चीक जाऊ देऊन मगच द्या. अंडं, शेंगदाणा, दूध यांनंतर गांध्या, उलटी किंवा ओठांना सूज आली तर बालरोगतज्ज्ञ. ताप, तोंडात चट्टे आणि तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर तो विषाणू आहे, पाणी पोटात जात राहील एवढं पाहा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात मध लावू नका.

तोंड बरं झालं. सोडलेले पदार्थ परत कधी सुरू करू?

लगेच, पण एका वेळी एक. शिक्षिकाबाईंचं फेरिटिन अगदी तळाला होतं. लोहाची गोळी सुरू झाली, ती लिंबूपाण्यासोबत आणि चहापासून दोन तास दूर. मग आम्ही वहीतलं ते पान उलट्या दिशेने खोडायला घेतलं. पहिल्या आठवड्यात डाळ आणि चवळी, मग पालक, मग दही. टोमॅटोला त्या सर्वांत जास्त घाबरत होत्या, तो आधी आमटीत शिजवून घेतला, मग कोशिंबिरीत. पाचव्या महिन्यात संशय फक्त नाश्त्यातल्या अक्रोडांवर उरला. ते त्यांनी दोनदा खाऊन पाहिले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी जिभेच्या कडेला चट्टा उठला. त्यांच्या मूळ यादीत अक्रोड नव्हतेच. आता त्या सकाळी भिजवलेले बदाम खातात.